होस्टिंग रीसेलरने प्रोफेशनल इंडेम्निटी घ्यावी का, आणि घेताना काय काय बघावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सांगलीत रीसेलर होस्टिंग करता, म्हणजे मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवरची जागा घेऊन ती वेबसाइटसाठी आपल्या क्लायंटना विकता, परदेशी कंपनीकडून डब्ल्यूएचएमचं (अनेक साइटची खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर) रीसेलर खातं घेतलंय, त्यावर साधारण १४० साइट आहेत, डॉक्टर, शाळा, हळदीचे व्यापारी, दोन-तीन ऑनलाइन दुकानं, आणि डोमेन, ईमेल, वर्षाची मेंटेनन्स हेही तुम्हीच बघता. आता एका पतसंस्थेने नव्या करारात अट टाकलीय की ५० लाखांची प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी, म्हणजे कामातल्या चुकीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा विमा, दाखवा. तुमचा नेहमीचा एजंट म्हणतो सायबर पॉलिसी घ्या, दोन्ही एकच. आणि तुमचं म्हणणं की सर्व्हर माझा नाहीच, तो वरच्या कंपनीचा, त्यांचा विमा असेलच की, मग मी कशाला प्रीमियम भरू. शिवाय एक क्लायंट न्यू जर्सीत आहे, त्याचं काय करायचं.

मी पुण्यात इन्शुरन्स ब्रोकिंगमध्ये लायबिलिटीचंच काम बघतो, त्यात छोटे आयटीवाले भरपूर आहेत. पॉलिसी विकली की आम्हाला ब्रोकरेज मिळतं, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

सर्व्हर माझा नाही, इथूनच सुरू करतो, कारण जवळपास प्रत्येक रीसेलर पहिल्या फोनवर हेच बोलतो. गाळा भाड्याने घेऊन पोटभाड्याने दिला तर पोटभाडेकरूचा व्यवहार तुमच्याशी असतो, मूळ मालकाला तो ओळखतही नाही. इथे तेच आहे. बिल तुमचं, जीएसटी नंबर तुमचा, व्हॉट्सॲपवर रात्री अकराला मेसेज येतो तोही तुम्हालाच. वरच्या कंपनीचा विमा वरच्या कंपनीला वाचवायला असतो, तुम्हाला नाही. आणि तुमचा त्यांच्याशी जो करार आहे, म्हणजे साइन अप करताना टिक केलेल्या त्या लांबलचक टर्म्स, त्या एकदा शांतपणे वाचा. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की आमची जबाबदारी फार तर तुम्ही मागच्या काही महिन्यांत भरलेल्या फीएवढी, बॅकअप ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी, आणि वाद झालाच तर आमच्या देशातल्या कोर्टात. म्हणजे तुमच्या क्लायंटचं ८ लाखांचं नुकसान झालं आणि त्याने तुम्हाला नोटीस धाडली, तर वरून तुम्हाला महिन्याभराचं क्रेडिट मिळेल. मधली जी दरी उरते ती तुमची एकट्याची.

ही दरी किती मोठी आहे हे बघायला तुमचीच वेबसाइट पुरे. तुम्ही लिंक दिलीत म्हणून बघितली. तिथे ९९.९९ टक्के अपटाइम गॅरंटी, म्हणजे तेवढा वेळ साइट चालू राहील असं वचन, लिहिलंय, आणि तुमच्या वरच्या कंपनीचं वचन ९९.९ टक्क्यांचं आहे. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ म्हणजे जवळपास ४३ मिनिटं बंद चालतं, ९९.९९ म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटं. बाकीच्या ३९ मिनिटांचं वचन तुम्ही स्वतःच्या खिशातून देताय, आणि ते कुठलीही विमा कंपनी उचलणार नाही, त्यावर खाली येतोच.

आता पॉलिसी घ्यावी की नाही हे कशावर अवलंबून आहे. फक्त पाच-सहा ओळखीच्या लोकांच्या माहितीपर साइट असत्या आणि कुठलाही लेखी करार नसता तर मी तुम्हाला म्हटलं असतं, आधी बॅकअप नीट करा, विमा पुढच्या वर्षी बघू. पण तुमच्याकडे ऑनलाइन दुकानं आहेत, पतसंस्था आहे, आणि मुख्य म्हणजे तुम्ही प्रोप्रायटर आहात. प्रोप्रायटरवर दावा म्हणजे तुमच्यावरच वैयक्तिक दावा, धंदा आणि घर असा फरक कायदा करत नाही. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असती तर निदान एक भिंत मध्ये असती. त्यामुळे तुमच्या केसमध्ये माझं उत्तर हो, घ्या. पण कुठली आणि कशी घेता यावर सगळं आहे, चुकीची घेतली तर प्रीमियम गेला आणि क्लेमच्या वेळी हातात काहीच नाही.

मोठे अपघात होतात का? होतात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला (सर्व्हर ठेवायच्या जागेला) आग लागली, एक अख्खी इमारत गेली. कित्येकांचा बॅकअपही त्याच जागेत होता. एका ग्राहकाने बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, करारात लिहिलं होतं की बॅकअप मूळ सर्व्हरपासून वेगळा ठेवू, आणि प्रत्यक्षात तो त्याच इमारतीत निघाला, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या खालच्या कोर्टाने लाखाहून जास्त युरो भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीवर रॅन्समवेअर (डेटा लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं, सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे हलवण्याचं काम चालू असताना, आणि मुख्य सर्व्हर, पहिला बॅकअप, दुसरा बॅकअप सगळंच लॉक झालं. बहुतेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. अशा कंपन्यांच्या खाली तुमच्यासारखे रीसेलर असतात आणि त्यांच्या खाली दवाखाने, दुकानं.

पण माझ्या टेबलावर येणारे क्लेम असे नसतात. ते फार साधे असतात आणि म्हणूनच सांगावंसं वाटतं. एक केस जरा तपशिलात सांगतो, नावगाव सोडून. मराठवाड्यातला एक रीसेलर, त्याचा क्लायंट कोचिंग क्लास. क्लासची साइट त्याने जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर आणली. क्लासचे मेल गुगलवर होते, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ती नोंद) बरोबर होते, बाहेरून येणारे मेल व्यवस्थित येत होते. पण नव्या सर्व्हरवर सीपॅनलमधलं (साइट सांभाळायचं कंट्रोल पॅनल) ईमेल राउटिंग लोकल राहिलं, ते रिमोट करायला हवं होतं. तुम्हाला माहीतच आहे काय होतं ते, सर्व्हरला वाटतं या डोमेनचे मेल माझ्याकडेच आहेत, त्यामुळे साइटवरच्या चौकशीच्या फॉर्मचे मेल गुगलकडे गेलेच नाहीत, त्याच सर्व्हरवर जुन्या नावाचा एक मेलबॉक्स पडून होता त्यात जाऊन साठत राहिले. ॲडमिशनचा सीझन, आणि तीन आठवडे एकही चौकशी नाही. शेवटी एका पालकाने फोन करून विचारलं की फॉर्म भरला होता, तुमच्याकडून कुणी बोललंच नाही, तेव्हा उघडकीला आलं. क्लासवाल्याने दरवर्षीच्या चौकश्या गुणिले फी असा हिशोब करून वकिलामार्फत ११ लाखांची नोटीस दिली.

यात हॅकर नाही, आग नाही, व्हायरस नाही. एक सेटिंग चुकलं. प्रोफेशनल इंडेम्निटी याचसाठी असते, तुमच्या व्यावसायिक कामात हलगर्जी किंवा चूक झाली, त्यातून दुसऱ्याचं आर्थिक नुकसान झालं, त्याने तुमच्याकडे मागणी केली, तर वकिलाचा खर्च आणि भरपाई. त्या रीसेलरकडे पॉलिसी होती. विमा कंपनीने वकील दिला, वकिलाने तो मेलबॉक्स उघडायला लावला, सगळ्या चौकश्या तारीखवार मिळाल्या, त्यातल्या बऱ्याच पालकांनी नंतर फोन करून प्रवेश घेतलाच होता, त्यामुळे मागणी खूप खाली आली आणि तडजोडीवर मिटलं. आपल्याकडच्या १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७३ मध्येही दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळत नाही, त्यामुळे नोटिशीत लिहिलेला आकडा म्हणजे देणं असं समजून घाबरायचं नाही.

पण त्याच केसमध्ये एक गोष्ट जवळजवळ अंगाशी आली होती. चूक कळल्यावर रीसेलरने क्लासवाल्याला मेसेज केला होता, "सर चूक आमच्याकडूनच झाली, जे नुकसान असेल ते भरून देतो." माणूस म्हणून हे बरोबर आहे, मलाही तसंच वाटतं. पण पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचं कबूल करायचं नाही. कंपनीने त्यावरून हरकत घेतली, आम्हाला बरीच पत्रापत्री करावी लागली. तुम्ही एवढंच लिहा की प्रॉब्लेम कळला, दुरुस्त करतोय, नेमकं काय झालं ते तपासून कळवतो. आणि त्याच दिवशी ब्रोकरला किंवा कंपनीला मेल करा, नोटीस यायची वाट बघू नका, क्लेम येऊ शकतो असं वाटलं तरी कळवता येतं आणि कळवायचंच असतं.

आता सायबर आणि इंडेम्निटी एकच का, तर नाही, आणि तुमच्या एजंटने तुम्हाला असं सांगायला नको होतं. सायबर पॉलिसी मुख्यतः हल्ला किंवा डेटा चोरी झाल्यावरचा खर्च बघते, तपास करणारे एक्स्पर्ट, डेटा परत उभा करणं, खंडणीची भानगड, तुमचा स्वतःचा बुडालेला धंदा, आणि डेटा फुटल्यामुळे तिसऱ्याने केलेला दावा. वरच्या क्लासच्या केसमध्ये सायबर पॉलिसीने एक रुपया दिला नसता. उलट उद्या तुमच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर आलं तर १४० साइट परत उभ्या करायचा तुमचा स्वतःचा खर्च इंडेम्निटीत येत नाही, तो सायबरचा विषय. काही कंपन्या आयटीवाल्यांसाठी दोन्ही जोडून देतात, मिळत असेल तर तीच बघा. बजेट एकाचंच असेल तर तुमच्या कामाच्या स्वरूपात आधी इंडेम्निटी. आणि पतसंस्थेने मागितलीय ती इंडेम्निटीच, सायबरचं सर्टिफिकेट दिलं तर ते परत पाठवतील.

पॉलिसीत सगळ्यात आधी बघायचं ते शेड्यूलमधलं, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या तक्त्यातलं, व्यावसायिक सेवांचं वर्णन. मी कितीतरी पॉलिसी अशा बघितल्यात की तिथे नुसतं "वेबसाइट डिझाइन" लिहिलेलं असतं, कारण एजंटने जुन्या फॉर्मवरून उतरवलं. मग होस्टिंगमधून क्लेम आला की कंपनी म्हणणार ही सेवा विम्यात नाहीच. तुम्ही स्वतः लिहून द्या: वेब होस्टिंगची पुनर्विक्री, डोमेन नोंदणी आणि नूतनीकरण, ईमेल होस्टिंग, सर्व्हर आणि कंट्रोल पॅनलची देखभाल, साइट स्थलांतर, बॅकअप, वेबसाइट मेंटेनन्स. डोमेन नूतनीकरण मुद्दाम वेगळं लिहा, विसरलेल्या रिन्यूअलवरून भांडणं खूप होतात.

दुसरं, या पॉलिसी क्लेम्स मेड असतात. म्हणजे चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला हे बघतात, आणि चूक रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरची, म्हणजे पॉलिसी ज्या तारखेपासूनच्या चुका धरते त्यानंतरची, असावी लागते. समजा मार्चमध्ये तुम्ही साइट हलवताना घोळ घातला, जुलैमध्ये पॉलिसी घेतली, नोव्हेंबरमध्ये नोटीस आली. रेट्रो तारीख जुलै असेल तर क्लेम नाही. ती मागची मिळाली असेल, आणि पॉलिसी घेताना तुम्हाला त्या घोळाची कल्पना नसेल, तर क्लेम बसतो. पहिल्या वर्षी कंपन्या बहुतेक पॉलिसी सुरू झाल्याचीच तारीख देतात, मागची मागून बघा, कधी जास्त प्रीमियमवर मिळते. एकदा मिळालेली तारीख मात्र जपा. रिन्यूअलला उशीर झाला, किंवा कंपनी बदलताना नवीन पॉलिसीत जुनी तारीख लिहून घ्यायची राहिली, तर मागची सगळी वर्षं गेली. उद्या धंदा बंद केलात तरी करारभंगाचा दावा करायला समोरच्याला तीन वर्षं असतात, त्यामुळे बंद करताना वाढीव रिपोर्टिंगची मुदत (पॉलिसी संपल्यावरही दावे कळवता येण्याची) विकत मिळते का ते विचारा.

तिसरं, काय वगळलंय ते. करारात तुम्ही कायद्यापेक्षा जास्त जे काही अंगावर घेता, उदाहरणार्थ दर तासाला अमुक दंड किंवा ती ९९.९९ ची गॅरंटी, ते साधारणपणे वगळलेलं असतं. सरकारी दंड वगळलेले असतात. फी परत करणं वगळलेलं असतं. वीज, टेलिकॉम, इंटरनेट अशा बाहेरच्या यंत्रणा बंद पडणं वगळलेलं असतं, आणि रीसेलरच्या दृष्टीने कळीचा शब्द इथे आहे, कारण वरच्या कंपनीचं डेटा सेंटर बंद पडलं तर ते या कलमात बसतं का? वर्डिंग प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. कोट घेताना हाच प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या, किंवा सबकॉन्ट्रॅक्टर आणि सेवा पुरवठादाराच्या चुकीमुळे तुमच्यावर येणारी जबाबदारी कव्हर आहे असं एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली लेखी पुरवणी) मागा. पायरेटेड थीम किंवा प्लगइन वापरलेत तर विनापरवाना सॉफ्टवेअरच्या कलमाखाली क्लेम जाऊ शकतो, क्लायंटने आग्रह केला तरी टाकू नका.

रक्कम किती घ्यावी? तुमच्यासाठी मी असा हिशोब केला. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे अख्खा सर्व्हर गेला आणि बॅकअप निघाला नाही. १४० साइट, प्रत्येकाला परत उभी करायला सरासरी २५ हजार धरा, ३५ लाख झाले. सगळेच दावा करणार नाहीत, पण दुकानवाले बुडालेल्या धंद्याचं मागतील, आणि वकिलाचा खर्च बहुतेक पॉलिसीत त्याच लिमिटमधून जातो, वेगळा मिळत नाही. त्यामुळे ५० लाख हा आकडा पतसंस्थेने कुठूनही काढला असो, तुम्हाला बसतो. एका घटनेचं लिमिट आणि वर्षाचं लिमिट दोन्ही बघा. आणि डिडक्टिबल नीट विचारा, म्हणजे आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. समजा ती ५० हजार आहे आणि एका क्रॅशमधून २० जणांनी दावे केले. एकाच कारणातून आलेले दावे एकच क्लेम धरणार असतील तर ५० हजार जातील, प्रत्येकाला वेगळी लावली तर १० लाख. एका ओळीचा फरक आहे, पण छोट्या धंद्याला हाच फरक बुडवतो.

प्रीमियमचा आकडा मुद्दाम देत नाही, कारण तोच फॉर्म दोन कंपन्यांकडे पाठवून दुपटीचा फरक आलेला बघितलाय. उलाढाल, लिमिट, डिडक्टिबल, कुठल्या देशातले दावे, आधीचे क्लेम यावर ठरतो. निदान तीन कोट मागवा. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तुम्ही नोंदणीकृत आहात आणि धंद्यासाठी घेताय तर त्याचं क्रेडिट घेता येतं, सीएला सांगा.

प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, स्वतः भरा, एजंटला सही करून कोरा देऊ नका, एवढं माझं ऐकाच. त्यात विचारतात ऑफसाइट बॅकअप आहे का, रिस्टोर करून बघता का. आपण सवयीने हो टिक करतो कारण वरची कंपनी रोज बॅकअप घेते असं लिहिलेलं असतं. तो त्याच मशीनवर असेल तर तो ऑफसाइट नाही, आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेयर पहिली चौकशी हीच करतो. खोटं उत्तर निघालं तर अख्खी पॉलिसी धोक्यात येते. बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर टाका, सर्व्हरच्या पासवर्डने तो पुसता येणार नाही असं खातं ठेवा, महिन्यातून एकदा कुठलीही एक साइट रिस्टोर करून बघा, स्क्रीनशॉट तारखेसह ठेवून द्या. मग बिनधास्त हो लिहा. लॉगही, म्हणजे सर्व्हरवर काय कधी झालं याच्या नोंदी, जपा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आणि ठरावीक सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या, आणि क्लेममध्ये तुमची बाजू मांडायलाही हेच लॉग कामाला येतात.

पतसंस्थेचा करार सही करण्याआधी वकिलाला दाखवा, पण दोन गोष्टी मी आत्ताच सांगतो. "कोणत्याही प्रकारच्या नुकसानीस पुरवठादार संपूर्ण जबाबदार राहील" असं वाक्य असेल तर ते बदलून घ्या, जबाबदारीला वरची मर्यादा घाला, वर्षाच्या फीच्या काही पट किंवा फार तर पॉलिसीच्या लिमिटएवढी. दुसरं, सभासदांचा डेटा साइटवर आहे का, लॉगिन, केवायसीचे फोटो वगैरे? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड डेटा गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे, पण संस्था तो कराराने तुमच्याकडे ढकलायला बघणार, आणि दंड तुमच्या पॉलिसीत बसत नाही. नुसती माहिती, व्याजदर आणि फोन नंबर एवढीच साइट असेल तर तसं करारातच लिहून घ्या की या होस्टिंगवर सभासदांचा वैयक्तिक डेटा ठेवला जाणार नाही.

क्लेम नाकारला गेलाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी द्या, तिथे काम झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, प्रोप्रायटर आणि मायक्रो उद्योगांच्या पॉलिसीही तिथे चालतात आणि पुण्यात त्यांचं ऑफिस आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर करून ठेवा.

राहिला न्यू जर्सीचा क्लायंट. साधी भारतीय पॉलिसी भारतातल्या कोर्टातल्या दाव्यांपुरती असते. अमेरिका-कॅनडासह जगभरचं कव्हर घेतलं की प्रीमियम चांगलाच चढतो, कारण तिथे वकिलाचाच खर्च भारी. कोट मागवताना दोन्ही आकडे वेगळे लिहून मागा, फक्त भारत, आणि अमेरिकेसह. मधला फरक त्या क्लायंटच्या वर्षाच्या बिलापेक्षा जास्त आला तर त्याला सांगा की होस्टिंग स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कार्डवर घे, मी मेंटेनन्स बघतो. तुमच्या त्याच्याशी असलेल्या करारात भारतीय कायदा आणि सांगलीचं कोर्ट लिहा. त्याने जोखीम बरीच कमी होते, शून्य होत नाही, कारण त्याच्या साइटवर खरेदी करणारा तिसरा कुणी तुमचा करार मानायला बांधील नाही. त्याच्या साइटवर कार्डने पैसे घेतले जातात का, ते कळवा. घेत असतील तर मी त्याला रीसेलर खात्यावर ठेवणार नाही.